कर्नल अण्णांची टेकडी

राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत कर्नल अण्णांचे किस्से इतके साठलेत, की एक सुरू केला की दुसरा म्हणतो, "तो नको, तो भारी सांग!" आणि सगळेच भारी! मी अमेरिकेत शिकून, देशासाठी काहीतरी करायचंच या जिद्दीनं नुकताच परतलो होतो. दर रविवारी अण्णांच्या व्हरांड्यात इडली-कॉफी व्हायची. माझं खरं शिक्षण तिथे झालं.

*

अण्णा तोफखान्यातले. पण एकाहत्तरच्या लढाईत ते तोफेजवळ नव्हतेच! तोफा कित्येक मैल मागे आणि हे पायदळाबरोबर सगळ्यात पुढच्या टेकडीवर. गोळा कुठे पडला ते दुर्बिणीतून बघायचं आणि वायरलेसवर दुरुस्ती सांगायची, "शंभर डावीकडे, दोनशे पुढे."

"म्हणजे तुम्ही स्वतः काहीच डागलं नाही?"

"छे! मी नुसता बोलायचो."

आतून अण्णांच्या पत्नी, अक्का, ओरडल्या, "अजून तेच करतात!"

*

पहिला गोळा पलीकडे, दुसरा अलीकडे, तिसरा मधोमध, ही तोफखान्याची रीत. नव्या नवरीच्या, म्हणजे अक्कांच्या, सांबारात पहिल्या दिवशी मीठ जास्त, दुसऱ्या दिवशी कमी. सासूबाई भडकल्या. अण्णा म्हणाले, "थांब अम्मा, रेंज मिळालीय. उद्या बघ!"

*

त्या टेकडीवर एकदा गोळी लागून वायरलेसची एरियल तुटली. अण्णा तिचा तुकडा हातात उंच धरून उघड्यावर उभे राहिले आणि बोलत राहिले.

"समोरून गोळ्या येत असताना उभे?" मी विचारलं.

"बसलो की आवाज जात नव्हता रे!"



*

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं. मी आवेशात म्हणालो, "अण्णा, मीही जातो आघाडीवर!"

ते मला गच्चीवर घेऊन गेले. लांबची पाण्याची टाकी दाखवली. "अंतर सांग."

"एक किलोमीटर."

"तिच्या बाजूला आपली माणसं आहेत, असं समज. आता सांग."

मी डोळे बारीक करून पुन्हा पहिल्यापासून अंतर मोजायला लागलो!

*

आणि हा शिंदेमामांचा. अण्णांचे दोस्त, एकाहत्तरच्या लढाईत मागे तोफांवर हेच होते. शत्रू टेकडीवर चढला, पार खंदकांपाशी आला. टेकडी गेली असती तर मागची अख्खी पलटण कापली गेली असती. अण्णांनी आपल्या माणसांना खंदकात खाली दडवलं आणि वायरलेसवर टेकडीचेच नकाशावरचे आकडे दिले.

मागच्यानं आकडे परत म्हणून दाखवायचे, हा नियम. मामांनी म्हटले, आणि थांबले. "अरे, तिथे तर तू आहेस!"

"म्हणून तर आकडे बरोबर आहेत. फायर!"

टेकडी राहिली. अण्णांना मातीखालून उकरून काढलं.

मी मामांना विचारलं, "तुमच्यानं डागवलं कसं?"

"पहिले गोळे पडले आणि याचा वायरलेस बंद झाला."

"मग?"

"मग काय? दुरुस्ती आली नाही. म्हणजे नेम बरोबर होता. डागत राहिलो."