शटरआडचं इंजिन

ती घटना आठवली की आजही आधी डोकं दुखल्यासारखं होतं, आणि त्याला कारण मीच.

पनवेलला सहायक पोलीस निरीक्षक होतो. एका शाळेच्या ऑटोमोबाइल वर्कशॉपच्या वॉचमनचा फोन आला. शाळा सुटलीय, शटर खाली आहे, आत इंजिन चालू आहे आणि मास्तर ओ देत नाहीत. आम्ही शटर उचकटलं आणि बेशुद्ध मास्तरांना रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं. मग गर्दी आत शिरू नये, घटनास्थळ सुरक्षित राहावं, म्हणून मी शटर पुन्हा खाली ओढलं आणि पंचनाम्याची टिपणं घेत आत उभा राहिलो. इंजिन बंद करायचं राहूनच गेलं. डोकं जड झालं, पेंग आली, वाटलं जागरणाची असेल. शेवटी हवालदारांनी कॉलर धरून बाहेर ओढलं. साहेबाची कॉलर धरायची संधी आमच्या खात्यात क्वचित मिळते. त्यांनी ती पुरेपूर साधली.

मास्तर वाचले. पण शाळेचं मत ठरलेलं होतं. एकटा विधुर माणूस, शटर लावून घेतलं, म्हणजे जीव द्यायला निघाला. तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. तो नोंदला असता तर मास्तरांची नोकरी गेलीच असती.

मास्तर मूळचे जवळच्याच जासई गावाकडचे. जबाब घ्यायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. माझा खाक्या असा, की गप्प माणसासमोर आपणही गप्प बसायचं. शेवटी तेच म्हणाले, "मरायचं असतं तर पाइप कशाला लावला असता, सायेब?"

पाइप म्हणजे सायलेन्सरला जोडून खिडकीबाहेर सोडलेला रबरी नळ. धूर त्यातून बाहेर जायचा. शटर त्यांनी लावलं होतं ते शेजारी इंजिनाच्या आवाजाची तक्रार करायचे म्हणून. मी वर्कशॉपच्या मागे जाऊन पाहिलं. पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घट्ट कोंबलेला. मागच्या नव्या इमारतीत ज्याची बाल्कनी पाइपासमोरच होती, त्या गृहस्थाला ठाण्यात बोलावलं. चहा येण्याआधीच त्याने सांगून टाकलं, की धूर त्याच्या बाल्कनीत यायचा, म्हणून त्याने फक्त धूर बंद केला. तो कोंडलेला धूर सायलेन्सरच्या जोडातून आत पसरला होता. गुन्हा नोंदला तो हयगयीचा, आणि त्या गृहस्थावर.

एकच प्रश्न उरला. पोरं घरी गेल्यावर इंजिन कशाला चालू ठेवायचं? मास्तर छताकडे बघत म्हणाले, "घरी कोनाचा आवाजच नाय, सायेब. इंजिन चालू असला की कोनतरी हाय असं वाटतं."

मी पेन खिशात ठेवलं. कायद्याला त्या वाक्याची गरज नव्हती.

मास्तर पुन्हा रुजू झाले. त्यानंतर शटर वर असल्याशिवाय आणि पाइपाची दोन्ही टोकं पाहिल्याशिवाय त्यांनी इंजिनला हात लावला नाही. मी शिकलो ते एवढंच, की बंद शटर दिसलं की आपण लगेच आतल्या माणसाचा हेतू ठरवतो. शटर का बंद आहे हे त्याला विचारायला मात्र आपल्याला वेळ नसतो.

मास्तरांचा जबाब घेतला त्या रात्री घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं होतं. आवाजासाठी कुणी इंजिन चालू ठेवतं का, असं म्हणून हसलोही. ओट्यावर आमचा मिक्सर होता. त्याची मोटर पुन्हा जळली होती, आणि दोन माणसांच्या घरात एवढं काय वाटतेस, म्हणून मी तिला चिडवत असे.

तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "अहो, तुमची ड्युटी लांबली की मी तो रिकामाच फिरवते."