तळहात पातळ झाले तेव्हा

लॉन्ड्रीत त्याला सगळे गेंडा म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. तळहातांची कातडी जन्मापासूनच जाड, पिवळट, बुटाच्या तळासारखी. आईचीही तशीच होती. इस्त्री तापलीय का, हे तो सरळ हात टेकवून सांगे.

पण पन्नाशीत तळहातांना भेगा पडू लागल्या. एकदा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र कॉलरवर रक्ताचा ठिपका उमटला. मालक म्हणाला, "आधी डॉक्टरला हात दाखव. मगच इस्त्रीच्या टेबलापाशी ये."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटेपालटे करून पाहिले. "कातडीच्या पेशी खाली जन्मतात, वर सरकता सरकता पिकतात आणि झडतात. किती वाढायचं, कधी पिकायचं, याचा निरोप त्यांना अ जीवनसत्त्वाकडूनही जातो. तुमच्याकडे जन्मतःच घोळ आहे, थरावर थर चढतात आणि झडायचं नाव नाही. ही गोळी त्याच जीवनसत्त्वाच्या जातीची. तोच निरोप ती जोरात देते."

"मग नुसती गाजरं खाल्ली तर?"

"तुम्ही पिवळे व्हाल, हात आहेत तसेच राहतील. आणि रक्त तपासत राहायचं. ही गोळी यकृताला त्रास देऊ शकते."

काही आठवड्यांत ओठ फुटले, तळहातांचे पापुद्रे सुटले आणि खालून गुलाबी कोवळी कातडी वर आली. बायको हरखली. त्याच्या जिवाची मात्र घालमेल सुरू झाली. टॉवेल ओरबाडे, बटणाची कड टोचे, खिशात हात घातला तर शिवण बोचे. सवयीने इस्त्रीला हात लावला आणि टम्म फोड आला. घरी तो या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घाली.

"अहो, बसा की एका जागी! पायाला भिंगरी लागलीय का?"

"हात ठेवू कुठे, ते सांग. जग एवढं खरखरीत आहे हे बोलली नाहीस कधी."

"तुम्हाला लागत नाही हे आम्हाला काय ठाऊक!"

शेवटी त्याने गुपचूप गोळी बंद केली. हळूहळू कातडी पुन्हा चढली. त्याला हायसं वाटलं, पण मागोमाग भेगाही उघडल्या. बायकोने टॉवेलवर रक्त पाहिलं आणि त्याला तडक दवाखान्यात नेऊन बसवलं.

"गोळी मनानेच सोडलीत?" डॉक्टरीणबाई वैतागल्या. "झेपत नाही, एवढं सांगायचं होतं! निरोप जरा हळू आवाजात देऊ." त्यांनी गोळी निम्म्यावर आणली.

या खेपेला हातांची कातडी मध्यावर येऊन थांबली. जाडी थोडी राहिली, भेगा मिटल्या. मालकाने टेबल परत दिलं. डाव्या हातात सुती हातमोजा घालून तो पूर्वीसारखीच झरझर कपड्यांना इस्त्री करतो.

जिवाची चुळबुळ मात्र गेलेली नाही. परवा बसमध्ये तो दांडा धरी, सोडी, पुन्हा धरी. शेजारचा माणूस वळून वळून बघू लागला. तेव्हा बायकोने आपल्या पिशवीचा बंद त्याच्या हातात दिला.

"हे धरा, मऊ आहे."

त्याने धरला. पुढच्या थांब्यापर्यंत दोनदा हात बदलला.