प्रोटामिन सुरू झाल्यावर

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये मी पंप चालवते. हृदय थांबवलं की शरीरात रक्त फिरवायचं काम तो पंप करतो. माझं माहेर बुऱ्हाणपूरचं, सिंधीपुऱ्यातलं, नोकरी इंदूरला.

पहिल्याच वर्षी आमच्या बुऱ्हाणपूरजवळच्या इच्छापूरची एक मावशी हृदयाची झडप बदलायला आली. जन्म केळीच्या बागेत राबण्यात गेलेला. टेबलावर घेताना माझं बोलणं ऐकून म्हणाली, "तू आपल्याकडचीच का वं बाई? मंग मले भेव नाही."

झडप बसली, हृदय चालू झालं, पंप थांबवला. पंपात रक्त गोठू नये म्हणून सुरुवातीला एक औषध देतात. शेवटी त्याचा उतारा म्हणजे प्रोटामिन. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "प्रोटामिन सुरू." मी पंपाकडे रक्त ओढणाऱ्या नळ्या लगेच बंद केल्या. तेवढ्यात हृदयामागे रक्त साचू लागलं.

"सक्शन का बंद केलं? चालू कर!" सर्जन सर ओरडले.

हात बटणापर्यंत गेलासुद्धा. सर वीस वर्षांचे अनुभवी, मी कालची पोर. पण उतारा मिसळलेलं ते रक्त पंपात आलं असतं तर आत गाठी झाल्या असत्या.

"सर, प्रोटामिन चालू आहे. भिंतीकडची नळी घ्या."

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नळी बदलली. आता ते रक्त पंपात न येता भिंतीजवळच्या बाटलीत जाऊ लागलं. रक्त कुठून येतंय ते दिसलं, तिथे त्यांनी टाका घातला.

दोन मिनिटांत मावशीचा रक्तदाब कोसळला. कुणाकुणाला प्रोटामिन सोसत नाही. मॅडमनी ते थांबवलं.

"पंप लागेल कदाचित. तयार आहे?" सरांनी विचारलं.

"आहे, सर. स्वच्छ आहे."

पंप लागला नाही. औषधांनी दाब हळूहळू चढला. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन मी पोटभर रडले. सर जाता जाता दाराबाहेरून म्हणाले, "उद्याही असंच सांगायचं."

दिवाळीच्या सुट्टीत मी इच्छापूरला तिच्या घरी गेले. मावशी अंगणात कापूस निवडत होती.

"माह्या टायमाले तू काय केलं व्हतं वं?"

"एक नळी बंद ठेवली, मावशी."

"बस, इतलंच?" ती खळखळून हसली.

तिच्या बोटाला चिंधी होती. विळा लागला होता, रक्त लवकर थांबेना म्हणाली. नव्या झडपेसाठी तिला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची होती. रक्त किती पातळ आहे ते दर महिन्याला तपासायचं असतं, त्या तपासणीचं कार्ड मी मागितलं. दोन महिने कोरे! मी रागावले, तशी ती नवऱ्याकडे, काकांकडे, बघू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका तिला मोटरसायकलवर बसवून बुऱ्हाणपूरच्या लॅबमध्ये घेऊन आले. मी तिथे थांबलेच होते.