माळावरच्या गिधाडांची विष्ठा

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाड्यात एक अनोळखी माणूस मोटरसायकलवर आला आणि त्यानं बाबांना विचारलं, "मेलेली जनावरं कुठं टाकतात?"

बाबा कुदळीला दांडा बसवत होते. हात थांबला. मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हाच सोडलं होतं. त्यापायी आजोबांनी खूप सोसलं होतं.

"हे आमालाच का विचारून राह्यले?"

"गावात विचारलं, त्यांनी इकडं पाठवलं."

"पाठवणारच!" बाबांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते. तो गेल्यावर बाबा मला म्हणाले, "याच्यामागं कुणीतरी हाय. ते काम पुन्हा आपल्या गळ्यात घालायचंय."

दुसऱ्या दिवशी तो माळावर दिसला. बाबा तरातरा निघाले, मागोमाग मी. तो लांबूनच दुर्बिणीतून लिंबावरची गिधाडं बघत होता. ती उडाल्यावर झाडाखाली गेला, चमच्यानं विष्ठा खरवडून बाटलीत भरली, गळलेली पिसं पिशवीत टाकली.

"करणीबिरणी करता का?" बाबांनी दरडावलं.

"नाही हो. गिधाडं मरताहेत. पकडली तर भेदरतात, म्हणून खाली पडलेलंच तपासायला नेतो." त्यानं दुर्बीण पुढं केली. एक गिधाड उडालं नव्हतं. त्याची मान छातीवर लोंबत होती.

बाबा बराच वेळ बघत राहिले.

"तुमच्याकडं दुखण्याला जनावरांना कुठलं इंजेक्शन देतात?" त्यानं विचारलं.

बाबांनी दुर्बीण झटक्यात परत दिली. "मंग आता गुन्हा आमच्यावर?"

दोन दिवसांनी ते गिधाड खाली मरून पडलं. कुत्री जमली. बाबा काठी घेऊन तिथं उभे राहिले, तो माणूस येईपर्यंत हलले नाहीत. गिधाड पोत्यात भरताना बाबांनी विचारलं, "काय निघालं ते कळवाल?"

"नक्की."

त्यानं कळवलं नाही. "म्हणलो न्हवतो?" बाबा वर्षभर म्हणत राहिले.

पुढे काही वर्षांनी आमच्या गाईचा पाय सुजला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "दुखण्याचं जुनं इंजेक्शन जनावरांना बंद झालंय. ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांचे गुर्दे जातात."

तोवर लिंबावर एकही गिधाड उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी दुसरी बाटली काढली. बाबांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि मला दिली. "वाच," म्हणाले. मी औषधाचं नाव वाचलं. "पुन्हा वाच, बराबर." दुसऱ्यांदा ऐकल्यावरच त्यांनी गाईचं दावं धरलं.