पाकिटावरची बाई

"चष्मा काढा," आमची चटणी विकणाऱ्या कंपनीची, पुण्याहून आलेली मॅडम म्हणली. "चष्म्यात तुम्ही गावातल्या वाटत नाही."

मी जन्मले गावात, नांदते गावात. तरी काढला. मग म्हणली, घड्याळ काढा. मग चपला. फोटो काढायचा म्हणून मी लग्नकार्यात नेसायची साडी नेसून गेले होते. ती बघून तिनं तोंड वाकडं केलं. रानात जाताना जे नेसता ते नेसून या म्हणली. गेले घरी, आले बदलून. थंडीचे दिवस होते, घाम कुठून येणार? तर फोटोवाल्यानं बाटलीतलं पाणी माझ्या कपाळावर शिंपडलं. निस्ता तमाशा. आमच्या बचत गटातल्या बाकीच्या सहाजणी दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसायल्या होत्या. मीबी हसत होते. मला वाटलं, शहरातल्या लोकाचं असंच राहतंय.

मग तिनं उखळ मागितलं. आमची चटणी मशीनीत दळतेत, उखळ कुठलं? पण गटाच्या अध्यक्ष सुमनबाई, त्यांच्या परसात एक दगडी उखळ पडून होतं. दहा वर्षं त्यात कोंबड्या पाणी पीत होत्या. दोन गड्यांनी ते उचलून अंगणात आणलं, मी मुसळ धरलं, फोटो निघाला. मॅडम लय खूश होऊन गाडीत बसली.

गाडी वळणाला गेली न गेली तोच सुमनबाईनं सुनेला हाक मारली. दोघींनी मिळून उखळ धुतलं. राखेनं घासलं. मुसळबी घासलं. वरून गोमूत्र शिंपडलं. मी तिथंच उभी. दहा वर्षं कोंबड्या चालल्या. माझे हात पाच मिनिटं चालले न्हाईत.

"राग धरू नको गं," सुमनबाई म्हणल्या. "रीत हाय ती."

मी काय म्हणले माहिताय? "हौ बाई," म्हणले. ते 'हौ' मला आजबी टोचतंय.

आमचं गाव सेलू तालुक्यातलं, बाजार वालूरला. माझं माहेर चुडावा. तिथनं रेल्वेनं नांदेडला जाऊन मी बारावी केली. हे कामून सांगायले, तर गटात नीट लिहिता-वाचता येणारी मी एकटीच, अन् बौद्धवाड्यातलीबी मी एकटीच. गट काढताना एक तरी आमच्यातली पाहिजे असं वरून कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. म्हणून मला घेतलं. चटणी ग्रामपंचायतीच्या खोलीत व्हायची. कारळ, जवस, मिरची, सगळं आत भाजायचं, आतच दळायचं. माझी जागा बाहेर ओसरीवर. लेबल लावणं, तारीख टाकणं, खोकी बांधणं. तुला लिहिता येतंय ना, मग तू बाहेरच बरी, असं गोड सांगितलं होतं. पहिलं एक वरीस मला ते खरं वाटलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

मग नवीन लेबलं आली. चकचकीत. वर मी. कपाळावर बाटलीतला घाम, हातात मुसळ, तोंडावर हसू. खाली लिहिलेलं, 'गावातल्या मायमाउलींनी एकत्र बसून उखळात कुटलेली चटणी.' एका ओळीत दोन खोट्या गोष्टी. उखळ खोटं, एकत्रबी खोटं. पण खरं सांगते, तवा मला ते दिसलंच न्हाई. मला फक्त मी दिसले. एक पाकीट घरी नेऊन टीव्हीवर ठेवलं. वाड्यातली माणसं येऊन बघून गेली. भाऊ फोन करून म्हणला, ताई, तू परभणीच्या मोठ्या दुकानात दिसलीस. मी फुगून गेले होते.

सासूला वाचता येत न्हाई. तिनं पाकीट उलटंपालटं करून बघितलं अन् म्हणली, "तुला आत घेत न्हाईत अन् वर लावतेत. कायतरी काम हाय त्यांचं."

मी तिच्यावर चिडले. चांगलं झालेलं बघवत न्हाई म्हणले. पण संशय एकदा कानात शिरला की निघत न्हाई. दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून मी माझंच तोंड एकेका पाकिटाला चिटकवायले अन् डोक्यात सासूचं बोलणं. मी बघायला लागले. सुमनबाई गोऱ्यापान, अंगावर सोनं, गटाच्या अध्यक्ष. त्यांचा फोटो कामून न्हाई? त्यांच्या सुनेचा कामून न्हाई? एकदा मॅडमला फोनवर इचारलंच. ती म्हणली, "तुमचा चेहरा लोकांना खरा वाटतो."

खरा म्हंजे काय, ते तिनं सांगितलं न्हाई. मला कळलं. गरीब. शहरातल्या माणसाला चटणीबरोबर थोडं पुण्यबी पाहिजे, अन् ते त्याला माझ्या फोटोतून मिळायलंय. तवापासून कुणी माझ्याशी गोड बोललं की मी आधी बघायची, ह्याला माझं काय पाहिजे.

मग एक दिवस मॅडमचा फोन आला. दिल्लीच्या मोठ्या दुकानवाल्यांची माणसं येणार. पाकिटावर लिहिलंय ते खरं हाय का, बायकांत भेद होतो का, हे बायकांनाच इचारून लिहून नेणार. पास झालं तर आमची चटणी देशभर जाणार. न्हाई झालं तर कंपनी आमच्या गटाकडून माल घेणं बंद करणार. मॅडमनं मोबाईलवर एक कागद पाठवला. पाहुण्यानं काय इचारलं तर कुणी काय म्हणायचं, सगळं लिहिलेलं. अन् हे बायकांकडून पाठ करून घ्यायचं काम कुणाला? मला. वाचता येणारी मीच ना.

चार दिवस शिकवलं. त्या आत बसायच्या, मी ओसरीवर. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून मी वाचायची, आतून त्या म्हणायच्या. आमच्यात भेद नाही. आम्ही एकत्र बसून करतो, एकत्र जेवतो. सुमनबाईचं काही पाठ होईना. मधीच अडकायच्या. मी पुन्हा सांगायची, त्या पुन्हा म्हणायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी न अडकता सगळं म्हणलं.

"आमच्यात भेद नाही," सुमनबाई आतून म्हणल्या.

"बरोबर," मी बाहेरून म्हणले.

म्हणले, अन् माझं मलाच ऐकू आलं. आमच्यात भेद नाही, हे मी दाराबाहेर उभी राहून त्यांना पाठ करून द्यायले होते. सहाजणींपैकी एकीलाबी त्यात काही वावगं दिसलं न्हाई. एकीची मान खाली गेली न्हाई. लाज वाटली ती मलाच, माझी.

घरी गेले तर मला जेवण जाईना. मालकांना सांगितलं. ते टेम्पो चालवतेत, चार माणसात वावरतेत. ते म्हणले, सहा घरच्या चुली हायत त्याच्यावर, सातवी आपली. एक तास हो म्हण, तुझं जातंय काय? त्यांचंबी खोटं न्हव्हतं. सासू कोपऱ्यात बसून ऐकत होती.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळपासून सगळं गोड. सुमनबाई मला ताई म्हणायल्या. मला पाणी दिलं ते स्टीलच्या पेल्यात. तीन वर्षांत तो पेला मला कधी मिळाला न्हव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकबी फुंकून पितंय. मी पेला हातात धरून बसले. पिले न्हाई.

गाडी दिसली तशा सुमनबाई दाराशी आल्या. हळूच म्हणल्या, "ये आत. तासाभराचा तर प्रश्न हाय. पाहुणे गेले की मग आपलं हायच."

आपलं हायच. म्हंजे तासाभरानं परत बाहेर. त्यांच्या बोलण्यात कपटबी न्हव्हतं. शेजारणीला वाटीभर साखर मागावी तसं मागायल्या होत्या. त्याचाच मला जास्त संताप आला. शिवी दिली असती तर सोसली असती. मी उंबऱ्यापाशी आले अन् तिथंच थांबले. त्या डोळ्यानं खुणावायल्या. मी हलले न्हाई.

एक बाई अन् एक माणूस आले. मॅडमनं ओळख करून दिली, या आमच्या पाकिटावरच्या ताई. दिल्लीच्या बाईनं हिंदीत इचारलं, ही चटणी तुम्ही कशी बनवता? त्याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. मीच पाठ करून घेतलं होतं.

"मेरेकू मालूम नई," मी म्हणले. "मैं इस कमरे में कब्बी गई नई."

मॅडम हसली. इंग्रजीत त्या बाईला कायतरी म्हणली. माझं इंग्रजी बारावीपुरतं, पण 'शाय' मला कळलं. ती लाजते म्हणे. लाजते! तीन वर्षं ओसरीवर बसवलं, ते एका शब्दात झाकून टाकलं.

"मैं शरमाती नई," मी मोठ्यानं म्हणले. "मैं बौद्धवाड़े की हूँ. इनो मेरा फोटो लेते, मेरेकू अंदर लेते नई."

सुमनबाईच्या हातातला झारा तसाच राहिला. दिल्लीच्या माणसानं वहीत लिहून घेतलं. मॅडमचं तोंड लाल झालं होतं. मग पाहुण्यांनी अजून दोघींना कायबाय इचारलं, सुमनबाईच्या घरी जेवण केलं, अन् गेले.

गावात बोंब उठली. सहाजणींच्या पोटावर पाय दिला म्हणले. आमच्या वाड्यातलेबी काहीजण म्हणले, गप राहायचं होतं. मी ते लय मनाला लावून घेतलं. बाजारात जायचं सोडलं. मग एक दिवस माझंच मला उमगलं. खोटं छापलं कंपनीनं, भेद पाळला सुमनबाईनं, अन् पाप माझ्या डोक्यावर? हे कुठलं गणित?

अन् कुणाच्याच पोटावर पाय पडला न्हाई; कंपनी माल घेतच राहिली. पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाज साखरेहून गोड. पुण्यात कंपनीचा मोठा कार्यक्रम हाय, तुमचा सत्कार करायचा, तुमच्या धाडसाची गोष्ट स्टेजवरून सांगायची. आधी गावात व्हिडिओ काढायचा. सुमनबाई तुमचा हात धरून तुम्हाला खोलीत नेतील, त्या तयार हायत. त्यानंतर नवीन लेबल, 'भेदाची भिंत मोडणारी चटणी'.

अगं बया, ह्यांचा धंदा तरी बघा. आधी माझी गरिबी विकली. आता माझा राग विकणार. मी पाहुण्यांपुढं 'नाही' म्हणले, ते 'नाही'बी पाकिटावर छापून विकणार. अन् कंपनीनं केलं काय, तर म्हणे कंपनीमुळे मला आवाज मिळाला.

"मॅडम," मी म्हणले, "माझा फोटो काढून टाका. लेखी देते."

दिलं लेखी. त्याची एक प्रत द्यायला ग्रामपंचायतीत गेले तवा गटाचे कागद मागून वाचले. खोली ग्रामपंचायतीची. गट सातजणींचा. सदस्यांत माझं नाव तिसरं. तीन वर्षं मी परवानगीची वाट बघत ओसरीवर बसले होते, अन् परवानगी कुणाची लागतच न्हव्हती. तो कागद वाचून मला रडू आलं, माझाच राग येऊन.

काल सकाळी नऊला मी आत गेले. कुणी बोलवलं न्हाई, कुणी हात धरला न्हाई. कढईत कारळ भाजायला टाकलेलं होतं. सुमनबाई उठल्या अन् बाहेर गेल्या. त्यांच्यामागं तिघी गेल्या. दोघी बसून राहिल्या. त्या माझ्यासाठी बसल्या का कारळ करपंल म्हणून बसल्या, मला ठाऊक न्हाई, अन् मी इचारणारबी न्हाई. त्यांची माया मला नको. मी झारा घेतला अन् कारळ हलवायला लागले.

सांजच्याला सरपंचाचा माणूस घरी आला. समजुतीनं घ्या म्हणला. गावात तेढ नको. उद्यापासून तुमच्यासाठी ओसरीवर वेगळी शेगडी लावून देतो, नवी कढईबी देतो, तुमचं तुमी करा. त्याच्या तोंडाकडं मी नीट बघितलं. त्याला खरंच वाटत होतं, लय मोठं कायतरी द्यायलाय.

मी त्याला एवढंच सांगितलं. "शेगडी परत न्या. उद्या नऊला मी आत असणार. ज्याला जमत न्हाई, त्यानं ओसरीवर बसावं."