वच्छलाबाईंचा रकाना

वडनेर भोलजीच्या वच्छलाबाई सकाळी उठल्या की चहाच्या आधी गोठ्यामागे जायच्या, तिथल्या लोखंडी टाकीची उंची पाहायच्या आणि घरात येऊन वहीत लिहायच्या. मगच चहाचं आधण. टाकीखाली शेणापासून गॅस करायचा हौद होता. गॅस साठला की वरची टाकी चढायची, शेगडी पेटली की उतरायची. शेजारच्या खांबावर त्यांनी गेरूने बोटाबोटाच्या अंतरावर रेघा ओढल्या होत्या. संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर पुन्हा तेच.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी गोबरगॅसच्या सरकारी कामावर फिरतीला होतो. आपल्याकडच्या आणि आणखी दोन देशांतल्या टाक्यांच्या रोजच्या नोंदी गोळा करून एकमेकांना पाठवायच्या, असं तेव्हा ठरलं होतं. कोणती टाकी किती गॅस देते, हे सगळ्यांना कळावं म्हणून. माझ्याकडे पंधरा घरं होती. बहुतेक वह्या मी दारात दिसल्यावरच भरल्या जात. सगळा महिना एका शाईत. वच्छलाबाईंची वही मात्र रोजची. पेन्सिल कुठे बोथट, कुठे पानाला हळदीचं बोट. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण आकडा असा ठसठशीत काढायच्या की लांबून वाचावा.

“शेजारच्या गावात याच्याहून जास्त गॅस निघतो म्हणतात,” मी एकदा त्यांना डिवचलं.

“निघत असन. मले जे दिसलं ते मी लिवलं. जे पायजे ते कायले लिवू?”

त्या हिवाळ्यात त्यांच्या सासूबाई वारल्या. आठवड्याने मी भेटायला गेलो, तर वही भरलेली. त्या दिवसांचीसुद्धा. मी चकित होऊन पाहिलं, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, “काही सुचत नव्हतं भाऊ. रोजचं एक तरी काम हातून व्हावं म्हणलं.” मग पानावर बोट ठेवलं. “पण हे पाहा. तीन दिवस आमची चूल पेटली नाही. भाकरी शेजारून आल्या. शेण तर हौदात रोज पडलं. तरी टाकी चार रेघा उतरली. मंग ग्यास गेला कुठी?”

मी वरिष्ठांना विचारलं. पुढच्याच आठवड्यात परदेशी पाहुणे टाक्या पाहायला येणार होते. “ते तीन दिवस गाळ,” वरिष्ठ म्हणाले. “बिघडलेली टाकी त्यांना दाखवायची आहे का?” मी वही मागून आणली, सुबक अक्षरात प्रत केली, ते तीन दिवस गाळले आणि वही परत दिली. आजही हे लिहिताना बरं वाटत नाही.

पाहुणे वच्छलाबाईंच्या घरी आले. त्यांच्यातल्या एका वयस्कर इंजिनिअरने माझी प्रत चाळली आणि समाधानाने मान हलवली. वच्छलाबाई उंबऱ्यात उभ्या राहून त्याच्या हातातल्या पानांवरचे आकडे वाचत होत्या. त्या आत गेल्या आणि आपली वही घेऊन आल्या.

“भाऊ, त्यायले सांगा, तुमचं अक्षर चांगलं हाये, पण तीन दिवस लिवाचे राह्यले.”

माझ्याशिवाय दुभाषी कोणी नव्हतं. माझीच लबाडी मला माझ्या तोंडाने सांगावी लागली. मी सगळं सांगितलं. वरिष्ठ दुसरीकडे पाहत राहिले.

इंजिनिअरने ती पानं दोनदा पाहिली आणि साबणाचं पाणी मागितलं. वच्छलाबाईंनी रिठ्याचं आणलं, चांगलं फेसाळ. टाकीच्या माथ्यावर, नळी बसवली होती त्या सांध्यावर ते ओतलं. फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला. सगळे वाकून पाहत होते.

“तिन्ही देशांत आम्ही एकच विचारत होतो, गॅस किती जळला,” इंजिनिअर म्हणाला. “न जळता किती गेला, हे कोणालाच विचारायचं सुचलं नाही.”

मी ते मराठीत सांगितलं. “मंग आता इचारा,” वच्छलाबाई म्हणाल्या.

आणि खरंच विचारलं गेलं. पुढचे छापील तक्ते आले त्यांत एक नवा रकाना होता: ‘चूल न पेटलेला दिवस’. तिन्ही देशांत तोच. त्यावरून कितीतरी टाक्यांच्या गळत्या सापडल्या आणि बुजल्या. हा वायू असा मोकळा सुटला तर पृथ्वी तापवतो, हे आता सगळे सांगतात. आम्हाला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. पण तो मोजायला हवा, हे वडनेरच्या एका बाईने सांगितलं, आणि ते परदेशी माणसाच्या कानावर घालणारा मी होतो, याचा मला आजवर अभिमान आहे.

वर्षभराने त्या दोन देशांपैकी फिलिपिन्समधल्या एका खेड्यातून एका बाईने भरलेला तक्ता आमच्याकडे आला. मी तो वच्छलाबाईंना दाखवायला नेला. अक्षरं त्यांना कळेनात, आकडे कळले. नव्या रकान्यात लागोपाठ दोन दिवस खुणा होत्या. त्यांचं बोट तिथेच थांबलं.

“हिच्या घरी कोण गेलं हो?”

“माहीत नाही.”

“इचारा तिले. लिवा, वडनेरची बाई इचारते म्हणून.”

मी सरकारी पत्राच्या तळाशी दोन ओळी जोडल्या. उत्तर यायला चार महिने लागले. कोणी गेलं नव्हतं. त्या बाईच्या मुलीचं लग्न होतं, आणि सगळं घर दोन दिवस नवरदेवाकडे जेवलं होतं.

वच्छलाबाईंनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि पदराने डोळे टिपले. मग डबा काढला आणि गल्लीत घरोघरी साखर वाटून आल्या. कोणी विचारलं, कायची? तर म्हणायच्या, “आमच्या एका बाईच्या पोरीचं लगन झालं. लांब राह्यते ते.”