डॉक्टरबाई परत आल्या

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी राहायला नांदेडला होते, पण माझा जीव भोकरजवळच्या आमच्या गावात अडकला होता. वडील सत्तरीचे, आईला शुगर, आणि वडिलांनी लस घ्यायची नाही असं ठरवून टाकलेलं. ते नाही म्हणाले की आईचंही नाहीच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. फोनवर रोज समजावायची. एकदा ते वैतागले.

"तू मला सायन्स सांगून राहिली. मी माझ्या भावाचं सांगू का?"

सांगायची गरज नव्हती. आणीबाणीत माझ्या थोरल्या चुलत्यांना हिवतापाची सुई देतो म्हणून जीपमध्ये बसवून नेलं आणि नसबंदी करून वस्तीवर आणून सोडलं. लग्न नुकतंच झालेलं. त्यांना मूल झालंच नाही. मी त्यांच्याच खांद्यावर वाढले.

त्यात तालुक्याहून एक साहेब आले आणि "लस नाही तर राशन नाही" म्हणून दम देऊन गेले. पुढच्याच आठवड्यात गावातले एक शेतकरी लस घेतल्यावर वारले. मग तर आरोग्य केंद्राची गाडी दिसली की लोक रानात निघून जायचे.

शाळा बंदच होती, म्हणून मी गावी गेले. त्याच सुमारास केंद्रावरच्या नव्या डॉक्टरबाई लशी न आणता, नुसत्या बोलायला बुद्धविहारासमोरच्या पटांगणात आल्या. वरच्या आळीतली शेतकरी मंडळीही आली होती. सगळे अंतर ठेवून बसले. बाईंनी बोलायला सुरुवात केली तोच वडील उभे राहिले.

"बाई, ते शेतकरी कशानं गेले, तेवढं सांगा. बाकीचं मागून."

"आज मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "चौकशी चालू आहे. कळलं की इथंच येऊन सांगीन."

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "आता कशाच्या येत्यात!"

पंधरा दिवसांनी बाई आल्या. पावसाची भुरभुर होती, त्यामुळे सगळे विहाराच्या ओट्यावर दाटीनं उभे होते. वारलेल्या शेतकऱ्यांचा मुलगाही होता. बाई त्याच्याकडे बघत बोलल्या.

"तुमच्या वडलांना लस घ्यायच्या आधीच कोरोना झाला होता. ते त्यानंच गेले. पण त्या दिवशी त्यांना खोकला होता, आणि टोचायच्या आधी आमच्या माणसांनी त्याबद्दल विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. चूक आमची."

वडिलांनीच पुढचं विचारलं, "लस घेतल्यावर कोरोना व्हत न्हाई का मग?"

"होऊ शकतो. तापही येईल. पण घेतलेल्यांत दवाखान्यात जायची पाळी कमी जणांवर येते. हे एकट्यादुकट्यावरून कळत नाही बाबा, पुष्कळ माणसं मिळून बघावी लागतात."

घरी आल्यावर वडील चपला काढता काढता आईला म्हणाले, "सरकारी माणूस 'चूक आमची' म्हणल्यालं मी पहिल्यांदा ऐकलं. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोघांनीही लस घेतली. संध्याकाळी वडिलांना सणकून ताप भरला आणि माझं धाबं दणाणलं. एवढं मागं लागून आपणच तर काही ओढवून घेतलं नाही ना? सकाळी त्यांच्या हाकेनंच जाग आली. भूक लागली होती त्यांना. आई ज्वारीचं पीठ मळत होती. मी मागच्या दारी जाऊन पोटभर रडून घेतलं.

पुढच्या लाटेत दोघांनाही कोरोना झाला. थोडा ताप, अंगदुखी, घरच्या घरी बरे झाले. मी फोनवर म्हणाले, "बघा, लशीनं वाचवलं."

"आसंल," वडील म्हणाले. "माझ्या एकट्यावरून कसं सांगावं? पर बरं झालं घेतली."

मी फोन ठेवला आणि किती तरी दिवसांनी दुपारी निवांत झोपले.